हेल्दी डाएट चार्ट, आपलं ताट आणि पंचगंगेचं पाणी

रंकाळवेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पोटानं लिहायला लावलं.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.1 टक्के निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा पाहुणा उंबऱ्यावर आहे, अजून आत आलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेव्हणीनं उत्साहानं एका ऑनलाइन आहारतज्ज्ञांकडून चार्ट करून घेतला. सकाळी भिजवलेले बदाम. नाश्त्याला ओट्स, वर ब्लूबेरी. दुपारी किन्वा आणि ब्रोकोली. रात्री अ‍ॅव्होकाडो घातलेलं सॅलड, सोबत ग्रीक योगर्ट. भाकरीपुढं कंसात लिहिलंय, 'शक्यतो टाळा'.

इथं कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन आठवड्याचं सामान आणलं. बिल 2,340 रुपये. आईनं पिशवी ओट्यावर ओतली आणि काही न बोलता प्लॅस्टिकचे डबे मोजले. अकरा. मग म्हणाली, "हे खाऊन तुझी साखर उतरंल, पण घंटागाडीला आपल्या गल्लीत दुसरी फेरी मारायला लागंल."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बदाम कॅलिफोर्नियाचा, किन्वा पेरूचा (देश, फळ नव्हे), ब्लूबेरी तर बहुधा विमानानं आलेली. माझ्या तब्येतीला जे बरं, ते जमिनीला, पाण्याला, हवेला बरं असतं का? की एकाचं भलं करायला गेलं की दुसऱ्याचं वाटोळं? जाणकारांनी लिहावं. 'निसर्गाकडे परत चला' छापाचे प्रतिसाद नकोत. मी बँकेत काम करतो, निसर्गाकडं रविवारी जातो.

तालमीचं पोर

जागा धरून ठेवतो. धागा रंगणार.

आकडेमोड

चांगला प्रश्न, फक्त यात तीन प्रश्नांची गाठ बसलीय: हवेत जाणारे वायू, लागणारं पाणी आणि कचरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि सगळा गोंधळ तिथंच होतो.

आधी सरळ भाग. 2019 साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. 15 प्रकारचे अन्नपदार्थ घेऊन प्रत्येकाचा मधुमेह, हृदयविकार वगैरेंशी असलेला संबंध एकीकडे मांडला आणि जमीन-पाणी-हवेवरचा भार दुसरीकडे. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे बहुतेक दोन्हीकडे पास. लाल मांस, विशेषतः प्रक्रिया केलेलं, दोन्हीकडे नापास. मजा अपवादांत आहे. मासे तब्येतीला चांगले, पण निसर्गावरचा भार मध्यम. आणि साखर घातलेली पेयं तब्येतीला वाईट, तरी निसर्गावरचा भार किरकोळ. म्हणजे रसवंतीवाला पर्यावरणवादी निघाला!

आता तुमचे डबे. बदाम: जगाच्या एकूण उत्पादनातले सुमारे 80 टक्के एकट्या कॅलिफोर्नियात होतात, जिथं पाण्याची मारामार. सोललेल्या बदामाला किलोमागं जागतिक सरासरी 16 हजार लिटर पाणी लागतं. शेंगदाण्याला साधारण त्याच्या चौथाई. पण बदामाचं झाड वर्षानुवर्षं उभं असतं, त्यामुळं वायूंच्या हिशेबात तोच बदाम सोज्वळ ठरतो. एकाच माणसाला एका दुकानात उधारी आणि दुसऱ्यात जमा, असं काहीसं.

आणि 'लांबून आलं म्हणजे वाईट' हे मनातून काढा. 2018 मध्ये 119 देशांतल्या 38,700 शेतांची आकडेवारी एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. अन्नामुळं होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास, पॅकिंगचा 5. विमानानं येणारी ब्लूबेरी हा अपवाद. बाकी कुठून आलं यापेक्षा काय आलं हे महत्त्वाचं. किलोभर वाटाण्याला 1 किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू, मेंढीच्या मटणाला 40.

तालमीचं पोर

भावा, एवढं आकडं वाचूनच माझी साखर वाढली. थंडाई सोडायची का न्हाई तेवढं सांग.

आकडेमोड

@तालमीचं पोर, दिवसाला हजार जोर मारत असशील तर पी बाबा. मारत नसशील तर तू थंडाई पीत नाहीस, बदामाचं पाणी वाया घालवतोयस.

तालमीचं पोर

काटा किर्र. गप्प बसतो.

खोडवा

मी शिरोळ तालुक्यातला. पाच एकर, त्यात साडेतीन ऊस. 'रसवंतीवाला पर्यावरणवादी' वाचून आधी हसलो, मग हसू आलं नाही.

आकडेमोड साहेबांनी पाण्याचे आकडे काढलेच आहेत तर पुढचेही काढा. पांढऱ्या साखरेला किलोमागं जागतिक सरासरी 1,800 लिटरच्या आत पाणी. तांदळाला 2,500. कडधान्यांना 4,000 च्या वर! कागदावर ऊस पुण्यवान आणि हुलगा (कुळीथ) पापी. असं कसं?

तर पाण्या-पाण्यात फरक आहे. हुलगा, मटकी, मूग आमच्याकडं पावसावर येतात. ते पाणी आभाळातून तसंही पडणारच होतं, मी पेरलं नसतं तर तणानं प्यालं असतं. ऊस मात्र बारा ते अठरा महिने रानात उभा. पावसाळा सोडला तर बाकी सगळं पाणी नदीतनं नाहीतर विहिरीतनं उपसलेलं, मोटर लावून, रात्री उठून. एकरी चाळीस-पन्नास टन माल निघतो म्हणून किलोमागं आकडा लहान दिसतो. रान बघा म्हणजे आकडा दिसेल. पाटानं पाणी सोडून सोडून आमच्या पट्ट्यात किती जमीन क्षारपड झालीय ते येऊन बघा. माझ्या आजोबांच्या ज्या तुकड्यात शाळू आणि हरभरा यायचा, वांगी तर अशी यायची की बांधावर बसून कच्ची खायची, तिथं आता पांढरं मीठ फुटलंय. लव्हाळासुद्धा धड येत नाही. खालनं सच्छिद्र पाईप घालून निचरा काढता येतो, काहींनी काढलाय, जमिनी सुधारल्यात. मी खर्चाचा अंदाज ऐकून गप बसलोय.

आता तुमच्या मनातला प्रश्न: मग ऊस का लावतोस? दादा, उसाचा दर सरकार ठरवतं आणि कारखाना तोडून नेतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडली तर माझी, भाव पडला तर माझा. तुम्ही शहरात हेल्दी खाणार म्हणून मी कडधान्य पेरायचं, तर ते तुम्ही विकत घेणार हे आधी ठरू दे.

मुळामुठा

@खोडवा, आदर आहे, पण पाच एकरांतल्या साडेतीन एकरांवर ठिबक का नाही? पुण्यात पिण्याचं पाणी मोजून येतं.

खोडवा

दीड एकरावर आहे. उरलेल्या दोनांवर पुढच्या लागणीला करायचं म्हणतोय. पुण्यात गाड्या कशानं धुता, तेही लिहा.

मुळामुठा

:) बरोबर. माघार.

आजऱ्याची सून

उशिरा आलो, पण लिहितोच. रंकाळवेस, तुमच्या चार्टात भाकरीपुढं 'टाळा' वाचून जीव चरकला. कुठली भाकरी ते विचारलंत का? ज्वारीची, नाचण्याची आणि तांदळाची, तिन्हींना एकच नियम?

माझ्या सासरी डोंगराकडं नाचणा व्हायचा. उतारावर, मुरमाड रानात, पावसाच्या पाण्यावर, खत म्हणजे शेणखत. 100 ग्रॅम नाचण्यात 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पाणी उपसावं लागत नाही, वर्षानुवर्षं कणगीत टिकतो, किडत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका दाण्यात हवं असेल तर हे घ्या.

पण भोळेपणानं नाही सांगत. नाचणा कमी झाला त्याला कारणं आहेत. तरू (रोपं) टाकायचा, उपटून हातानं लावायचा, कणसं खुडायची, बडवायची, सगळं बायकांच्या कमरेवर. त्यात दाजीपूरकडचे गवे आता राखीव जंगलात थांबत नाहीत, रानडुकरं आहेतच. रात्रभर राखणीला माचाळावर कोण बसणार? पोरं मुंबईला. 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा शहरात नाचणीची बिस्किटं आली. त्यातही मैदा आणि साखर. आमच्या सासूबाई पाकिटाची मागची बाजू माझ्याकडून वाचून घेऊन म्हणाल्या, "ह्यात नाचणा साक्षीला बसलाय."

तांदळाचंही सांगतो. आजऱ्याच्या घनसाळला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मला अभिमान आहे, सणाला तोच लागतो. पण भाताच्या खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलात हवा पोचत नाही आणि जिवाणू मिथेन सोडतात, हे आमच्या मुलानं शाळेच्या प्रकल्पात लिहिलं तेव्हा घरात मोठा वाद झाला होता. धूळवाफेनं पेरलं तर सुरुवातीला तरी चिखल नाही. मधेमधे खाचर सुकू दिलं तर मिथेन बरंच कमी होतं. पण आजऱ्यात पावसाला सांगणार कोण, आज थांब म्हणून?

मुळामुठा

आजऱ्याची सून, 'उशिरा आलो', 'सांगतो'... हा आयडी मिस्टर चालवतात का?

आजऱ्याची सून

बाईच आहे हो. माहेर शिवाजी पेठ. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, आम्ही येतो, जातो आणि जेवतो.

रस्सामंडळ

सगळं वाचलं. आता मुद्द्याचं बोला. मटणाचं काय?

आकडेमोड

2019 मध्ये 16 देशांतल्या 37 तज्ज्ञांनी 'माणूस आणि पृथ्वी दोघांना झेपेल' असं ताट आखलं होतं. त्यात लाल मांस दिवसाला 14 ग्रॅम. म्हणजे आठवड्याला 98.

रस्सामंडळ

98 ग्रॅम?! अहो ती तर रश्श्यात बुडी मारून हरवलेली एक नळी झाली! 2019 च्या शेवटी मटणाच्या दरावरून या गावानं आंदोलन केलंय साहेब. तज्ज्ञांना एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात उभं करून हा आकडा वाचायला लावा.

शेंगदाणा चटणी

रस्सामंडळ, चिडू नका, आकडा तुमच्याच बाजूचा आहे. आपल्या रश्श्याची करामत बघा. मटण आधी हळद-मिठात शिजवायचं, त्या आळणीवरच (मटण शिजलेल्या पाण्यावर) तांबडा होतो आणि पांढराही. किलोभर मटणात दहा माणसं हाशहुश करत उठतात आणि मटण मागून कोणी घेत नाही, रस्साच मागतात. खानावळीत तरी काय असतं? रस्सा हवा तेवढा, मटणाची वाटी मोजून. वाटीतून 98 ग्रॅम खायचे आणि ताटभर चव घ्यायची, ही युक्ती आपल्या आज्यांनी तज्ज्ञांच्या आधी काढली, तीही गरिबीतून. बिघडलं कधी? रविवारचं मटण बुधवारीसुद्धा व्हायला लागलं आणि शुक्रवारी बिर्याणी बाहेरून, तेव्हा.

अवांतर: पांढऱ्या रश्श्यात काजू घालणाऱ्यांना काय म्हणावं? तीळ, खसखस, नारळाचं दूध. संपलं.

रस्सामंडळ

काजूवाल्यांबद्दल सहमत. बाकी बुधवारचा मुद्दा लागला. नाव घेऊन बोलला असतात तर बरं झालं असतं.

वैरणकाडी

मटणावर सगळे तुटून पडतात, दुधावर कोणी बोलत नाही, कारण हे दुधाचं गाव. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. मी स्वतः चार म्हशी राखतो, संघाला दूध घालतो, तेव्हा माझ्यावर कोणी म्हैसद्रोहाचा आरोप करू नये.

म्हैस रवंथ करते, ढेकर देते, त्यातून मिथेन जातो. खरं आहे. पण ती खाते काय? तोडणीच्या दिवसांत उसाचं वाडं (हिरवे शेंडे), एरवी कडबा, गवत, पेंड. माणूस यातलं काही खाऊ शकत नाही, पेंड सोडली तर. जे फेकलं असतं त्याचं दूध करते. शेण गोबरगॅसला, शेणकाला रानात. हा हिशेब अमेरिकेतल्या गोठ्याच्या सरासरीत बसत नाही. पण दुसरी बाजूही मीच सांगतो: वाडं उसाचं, म्हणजे खोडवा भाऊंच्या रानातलं पाणी फिरून माझ्या दुधात आलंच. आणि दूध पिणाऱ्यांनी रेडकाचं काय होतं हे कधी विचारलंय? नर जन्मला की त्याला कोणी वैरण घालत नाही. शुद्ध शाकाहारी माणसाच्या चहातही तो हिशेब असतो, फक्त बिलावर छापलेला नसतो.

पथ्यपाणी

मी व्यवसायानं आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळं दोन ठिकाणी कान पिळतो आणि जातो.

एक. रंकाळवेस, दुसऱ्याचा चार्ट न बघता त्यावर बोलू नये, पण किन्वा आणि अ‍ॅव्होकाडोवाचून साखर उतरत नाही हा समज चूक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये 17 मार्गदर्शक सूचना दिल्या. 2000 कॅलरीच्या ताटात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) 85 ग्रॅम, दूध-दही 300 मिली, आणि भाज्या 400 ग्रॅम. आपल्या घरांत नेमकं उलटं असतं: भात-भाकरी-चपातीचा डोंगर, आमटी पातळ, भाजी तोंडी लावण्यापुरती. डोंगर उतरवा, उसळ वाढवा. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकी, चाकवत नाहीतर पोकळा, वर शेंगदाण्याची चटणी. आणि नाचणी म्हणजे अमृत नव्हे. पातळ आंबील वाटीवर वाटी प्याल तर साखर चढणारच. भाकरी करा. गूळही साखरच, 'आपल्या कोल्हापूरचा' असला तरी. लोह थोडं जास्त आहे म्हणून रक्ताला जात कळत नाही.

दोन. वरच्या चर्चेत 'कमी खा' फार झालं. ज्या घरात पोरगं अशक्त आहे, बाई गरोदर आहे, तिथं अंडं आणि दूध वाढवायचं, मिथेन मोजत बसायचं नाही. कमी कोणी करायचं? ज्यांच्या ताटात जास्त आहे त्यांनी. या धाग्यावरचे बहुतेक आपण त्यातच मोडतो.

आणि हो, धारोष्ण दूध प्यायला छान दिसतं. उकळून प्या.

वैरणकाडी

@पथ्यपाणी, शेवटची ओळ वगळता सहमत.

पथ्यपाणी

शेवटची ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे.

मुळामुठा

एक शंका. ब्रोकोलीऐवजी फ्लॉवर, अ‍ॅव्होकाडोऐवजी शेंगदाणे, किन्व्याऐवजी ज्वारी हे पटलं. पण माझ्या ताटात ज्वारी आल्यानं पंचगंगा स्वच्छ होणार आहे का? जलपर्णी वाढते ती शहरांच्या सांडपाण्यानं आणि कारखान्यांच्या मळीनं.

खोडवा

आणि माझ्या युरियानं. तेही लिहा, मी रागावणार नाही. ऊस जोमात यावा म्हणून पोत्यावर पोती टाकतो, निम्मं पिकाला लागतं का देव जाणे, बाकीचं पावसात वाहून ओढ्यात, ओढ्यातनं नदीत. जलपर्णीला तेच लागतं. कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात, ती हवेतला नत्र स्वतःच धरतात. त्यामुळं ज्या वर्षी उसात हरभरा किंवा भुईमुगाचं आंतरपीक घेतलं, त्या वर्षी माझं एखादं पोतं वाचलं. तुमच्या ताटातल्या ज्वारीनं नदी साफ होणार नाही. पण वाटीभर उसळ रोज खाणारी हजार घरं असतील तर मी उद्या अर्ध्या एकरात उसाऐवजी मूग करायचं धाडस करीन.

रंकाळवेस (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी येतोय. उशीर झाला, मार्च एंड होता.

काय केलं ते सांगतो. ब्लूबेरी आणि अ‍ॅव्होकाडो बंद. किन्वा संपवला, आईनं त्याचा उपमा केला आणि 'राजगिरा बरा' असा निकाल दिला. ओट्स ठेवलेत, सकाळी घाई असते, खोटं कशाला बोलू. बदाम पाचाचे दोन केले, बाकी भाजलेले शेंगदाणे. भात रात्री बंद, तो मात्र जड गेला. रोज एक उसळ: मटकी, हुलगा, मसूर, वरणा. कडधान्यं आदल्या रात्री भिजत घालायची जबाबदारी माझी, दोनदा विसरलो, दोनदा आईची बोलणी खाल्ली. मटण रविवारीच. 98 ग्रॅम काही जमलं नाही, पण बुधवार सुटला. चहातली साखर अजून अर्धा चमचा आहे.

एक फसलेली गोष्टही सांगतो. 'सेंद्रिय नाचणी पीठ' म्हणून ऑनलाइन मागवलं. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, त्यात पिशवी. आईनं मोजायच्या आधीच मी घंटागाडीत टाकून आलो.

साखर परत तपासायला अजून दोन महिने आहेत. आकडा येईल तसा लिहीन. तोवर एवढंच सांगा, सुट्टा नाचणा कोल्हापुरात खात्रीचा कुठं मिळतो?

आजऱ्याची सून

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात या. डोंगराकडच्या बायका पोत्यावर बसलेल्या असतात, भाव करू नका. कापडी पिशवी घरून आणा. आणि दळताना गिरणीवाल्याला सांगा, आधी ज्वारी दळून घे, गव्हावर घालू नको.

खोडवा

@रंकाळवेस, मूग किती घराला लागतो ते खरोखर लिहून पाठवा. चेष्टा नव्हती.

रंकाळवेस (धागाकर्ता)

आमच्या घराला महिन्याला दोन किलो. बँकेत विचारून उद्या सांगतो. स्टाफ सव्वीस आहे.

रस्सामंडळ

अठ्ठावीस धरा. मी दोन घरांचा घेतो.